पूर्वाश्रमीची नावे : मराठी लेखिका, विवाह आणि मुखपृष्ठ

मराठीत विवाहित स्त्रीच्या माहेरच्या नावासाठी एक भारदस्त शब्द वापरला जातो : पूर्वाश्रमीची. निधनवार्तेत, गौरवग्रंथात, पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या परिचयात तो सहज येतो. ‘पूर्वाश्रमीच्या कु. अमुक तमुक.’ हा शब्द मूळचा संन्याशाचा आहे. संन्यास घेणारा आपले श्राद्ध आपल्याच हाताने घालतो, गोत्र सोडतो, नाव सोडतो. त्यानंतर त्याचे घर, त्याची जमीन, त्याची माणसे हे सगळे पूर्वाश्रमीचे. जुन्या हिंदू कायद्यातही संन्याशाला व्यवहारापुरता मृत मानले जाई आणि त्याची मालमत्ता वारसांकडे जाई. संसार सोडणाऱ्या पुरुषासाठी घडवलेला हा शब्द आपण संसारात पाऊल टाकणाऱ्या बाईला बहाल केला, आणि त्यात काही विसंगत आहे असे कोणाला वाटले नाही.

मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांवर आता पुष्कळ समीक्षा झाली आहे. बालविवाह, वैधव्य, शिक्षण, जात, शरीर, नवरा या सर्व अंगांनी ती पुस्तके वाचली गेली. या पुस्तकांवर कोणते नाव छापले आहे, त्याआधी त्या बाईचे नाव काय होते आणि मधल्या काळात काय घडले, हा प्रश्न मात्र आपण सूचीकारांवर सोडून दिला. माझे म्हणणे असे की, मुखपृष्ठावरचे नाव हा त्या पुस्तकातला पहिला मजकूर असतो आणि तो मजकूर म्हणूनच वाचायला हवा. बाईने केलेले काम कोणाच्या खाती जमा होणार, याचा निवाडा पुष्कळदा त्या एका ओळीत आधीच होऊन गेलेला असतो.

कायदा आणि रकाना

आधी कायद्याचे पाहू, कारण याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आहेत. लग्नानंतर स्त्रीने नवऱ्याचे नाव किंवा आडनाव लावलेच पाहिजे, असे सांगणारा कायदा भारतात नाही. विवाहनोंदणीच्या दाखल्याने नाव आपोआप बदलत नाही. ज्यांना बदलायचे असेल त्यांच्यासाठी राजपत्राची वाट आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचा भाग दोन हा संकीर्ण सूचना व जाहिरातींचा. त्यात जुने नाव आणि नवे नाव शेजारी शेजारी छापून येते. शासनाच्या लेखी नाव बदलते ते असे.

न्यायालयांचा कलही सक्तीच्या विरोधात दिसतो. कौटुंबिक न्यायालयात दाद मागणाऱ्या पत्नीवर सासरच्याच नावाने अर्ज करण्याची सक्ती नको, अशी दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने नियमांत केली. उलट दिशेचा अनुभवही आहे. माहेरचे आडनाव परत घ्यायचे तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचे ना-हरकत पत्र जोडा, अशी अट केंद्र शासनाच्या एका सूचनेत होती आणि २०२४ मध्ये तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. नवऱ्याचे नाव लावताना वडिलांची हरकत आहे का, असे कोणी विचारत नाही. ते नाव सोडताना मात्र नवऱ्याची संमती मागितली गेली.

कायदा मोकळीक देतो आणि रकाना ती काढून घेतो. रकान्याची ही सवय जुनी आहे. महसुली कागदांत पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ येई, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे ‘कोम’ येई, म्हणजे अमक्याची बायको. बिन आणि कोम गेले, पण त्यांनी आखून दिलेला साचा राहिला. आपली तीन पदांची नावे त्याच साच्यातून आली आहेत. मधले पद मुलाच्या बाबतीत जन्मभर बापाचे राहते, मुलीच्या बाबतीत ते अदलाबदलीचे असते.

या साच्यातली सर्वांत ताजी दुरुस्ती २०२४ ची आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावीत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी मार्चमध्ये घेतला. त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. त्या निर्णयातले पुढचे कलम मात्र फारसे वाचले गेले नाही. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत सध्याचीच पद्धत सुरू राहील, म्हणजे तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव. मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभा तेवढी दिली आहे. आता ही दोन कलमे एकत्र वाचा. २०२४ च्या जूनमध्ये जन्मलेल्या जुळ्या भावंडांच्या नावांत आईचे नाव आले. पुढे दोघांची लग्ने झाली. मुलाच्या नावात आई राहिली. मुलीने प्रचलित पद्धतीने नाव लिहिले, तर वडिलांबरोबर आईही गळाली. आईचे नाव मुलाला कायमचे मिळाले, मुलीला लग्नापर्यंत.

मालमत्तेचा उल्लेख त्या निर्णयात उगीच आलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, तेव्हा त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, अशा अवस्थेत वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे गेलेल्या बाईला पहिल्यांदा हे सिद्ध करावे लागते की, ती म्हणजे तीच. ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून मग ती हक्क मागू शकते, किंवा बहुतेक घरांत होते त्याप्रमाणे भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करू शकते. पूर्वाश्रम हा शब्द येथे अलंकारिक राहत नाही. संन्याशाचेही असेच होते : आधी नाव सुटते, मग वाटा.

दोन यमुना

एकोणिसाव्या शतकातल्या लेखिकांकडे या दृष्टीने पाहिले, तर पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की, त्यांचे केवळ आडनाव गेले नाही. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिण्याचा विधी ज्या घरांत होता, तेथे मुलीचे पाळण्यातले नावही पुसले जाई.

कुर्लेकरांच्या यमुनेचे १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले आणि ती रमाबाई झाली. कल्याणची यमुना जोशी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न होऊन आनंदी झाली. तिचे सासरचे आडनावही जोशीच. म्हणजे जेथे आडनाव बदलायचे कारणच नव्हते, तेथेही नाव बदलले गेले. १८८६ मध्ये पेनसिल्वेनियातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेली ही बाई इतिहासाला आनंदीबाई म्हणून ठाऊक आहे. श्री. ज. जोशी यांनी तिच्यावर लिहिलेल्या गाजलेल्या कादंबरीचे नाव ‘आनंदी गोपाळ’. ते शीर्षक दोघांचे म्हणून आपण वाचतो. पण त्याचा घाट पाहा : तिचे नाव, मग पतीचे. रकान्यातलाच क्रम, फक्त आडनाव वगळून.

दोन्ही यमुना गेल्या. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला नाव दिले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. हा ‘आमच्या’ नम्रतेचा, की संसारातल्या दोघांचा, यावर अभ्यासक बोलले आहेत. मला त्यात व्याकरणाची एक अडचणही दिसते. ‘माझ्या’ म्हणायचे तर कोणाच्या? पुण्यात इंग्रजी शिकणारी, सेवासदनचे काम पाहणारी रमाबाई आहे. देवराष्ट्र्याची यमुना या रमाबाईच्या आधी संपलेली आहे. एकवचनात दोघींना बसवणे सोपे नव्हते.

त्याच्या शेजारी आनंदीबाई कर्वे यांचे पुस्तक ठेवले, तर फरक उठून दिसतो. त्या जन्माने गोदावरी जोशी, पहिल्या विवाहाने नातू, बालविधवा. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंचे आनंदी झाले. दोन विवाह, एक वैधव्य, तीन आडनावे, दोन नावे. एवढी उलथापालथ झालेल्या बाईने पुस्तकाचे नाव ठेवले ‘माझे पुराण’. इतकी नावे पालटूनही ‘माझे’ म्हणण्याची हिंमत तिच्यात आली ती कदाचित त्यामुळेच. कोणतेच नाव आपले कायमचे नाही हे उमगलेल्या माणसाला सर्वनाम तरी घट्ट धरता येते.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा आणखी वेगळी. गोखल्यांची मनकर्णिका, घरातली मनू, लग्नाने लक्ष्मी झाली. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी काही वर्षे विरोध करून, दुरावा सोसून १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, जेवणाची पंगत बदलली, नातेवाईक तुटले, पण नाव लक्ष्मीबाई टिळकच राहिले. ज्या बाईचे नाव लग्नाच्या एका दिवसात पालटले, तिचे नाव धर्मांतरानेही हलले नाही. विवाहविधीत किती ताकद होती, याचे माप यातून मिळते. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागांनी आले, तेव्हा त्यातली मनू आणि लक्ष्मी यांच्यामध्ये लेखिकेने भिंत घातलेली नाही. मनूचा मिस्कीलपणा लक्ष्मीबाईंच्या वाक्यावाक्यांत आहे. नाव पुसले गेले तरी सूर पुसला गेला नव्हता, आणि वाचकाला तो लगेच ओळखू येतो.

या काळाला दोन मोठे अपवाद आहेत. १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापणाऱ्या ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या. त्यांचा नवरा घरजावई होता आणि त्या शिंदेच राहिल्या. पुरुषांना उभे-आडवे घेणारे ते पुस्तक वडिलांच्या घरात, वडिलांच्या आडनावाने लिहिले गेले, हे योगायोगाचे मानता येत नाही. दुसऱ्या पंडिता रमाबाई. जन्माने डोंगरे, विवाहाने मेधावी. जगाने त्यांना ओळखले ते कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी. बापाचे नाही, नवऱ्याचे नाही, विद्येने मिळालेले नाव लावणारी ही आपल्याकडची पहिली आधुनिक बाई.

खरे, बेडेकर, शिरूरकर

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि विभावरी शिरूरकर कोण, यावर महाराष्ट्रात गदारोळ झाला. मागे होत्या बाळूताई खरे. १९३८ मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. टोपणनाव का घेतले याची चर्चा नेहमी एका अंगाने होते : अविवाहित शिक्षिकेने प्रौढ कुमारिकांच्या मनाविषयी, शरीराविषयी लिहिणे त्या काळी परवडणारे नव्हते. हे खरेच. पण त्या टोपणनावाने दुसरेही एक काम केले, आणि त्याकडे लक्ष गेलेले नाही. लग्नाने बाळूताई खरे हे नाव बाद झाले, विभावरी शिरूरकर हे नाव बाद झाले नाही. बदनामीपासून वाचण्यासाठी घेतलेल्या नावाने लेखिकेला विवाहातल्या नामांतरापासूनही वाचवले. ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘बळी’ यांच्यामध्ये एक लग्न आहे. मुखपृष्ठावर त्याचा मागमूस नाही.

हे किती महत्त्वाचे होते ते त्यांच्या इतर पुस्तकांवरून कळते. ‘अलंकार-मंजूषा’ आणि क. ना. केळकर यांच्या समवेत लिहिलेले ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ ही त्यांची विवाहापूर्वीची पुस्तके. ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हा अभ्यास मालतीबाई बेडेकर या नावाचा. म्हणजे कथाकार एका नावाने सलग उभी राहिली, अभ्यासक मात्र दोन नावांत विभागली गेली. हिंदू कायद्यावर पुस्तक लिहिणारी तरुणी आणि निराश्रित स्त्रियांचा अभ्यास करणारी प्रौढ बाई एकच आहे, हे आज किती वाचकांना ठाऊक आहे? विभावरी शिरूरकर यांच्यावर प्रबंध झाले. बाळूताई खरे यांच्या नावाने विचारवंत म्हणून कोणी खाते उघडले नाही.

आणि मग १९५३ चे ‘खरेमास्तर’. वडिलांच्या आयुष्यावर लिहिलेली ही चरित्रात्मक कादंबरी. लेखिका व्यवहारात बेडेकर. मुखपृष्ठावर शिरूरकर. शीर्षकात खरे. लग्नाच्या दिवशी नावाच्या शेवटी असलेले जे पद गळून पडले, ते पंधरा वर्षांनी पुस्तकाच्या शीर्षस्थानी परत आले. ही कादंबरी मुलींना शिकवू पाहणाऱ्या बापाची म्हणून आपण वाचतो आणि ती तशी आहेच. मला ती हक्क सांगणारी नोंदही वाटते. ज्या घराने आपल्याला घडवले त्या घराचे आडनाव लावता येत नसेल, तर त्याची कादंबरी लिहिता येते. मराठीत वारसनोंदीचा यापेक्षा देखणा मार्ग कोणा लेखिकेने शोधल्याचे मला आठवत नाही.

सोमकुंवर आणि पावडे

येथपर्यंतची चर्चा बहुतांशी ब्राह्मण घरांतल्या स्त्रियांची आहे, आणि तेथे थांबले तर निष्कर्ष सोपा निघेल : नाव बदलणे म्हणजे गमावणे. हा निष्कर्ष अपुरा आहे, हे कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ या १९८१ मधल्या पुस्तकाने दाखवले.

नागपूरच्या कुमुद सोमकुंवर महार समाजात जन्मल्या आणि संस्कृत शिकल्या. एम. ए. झाल्या, उत्तम गुण मिळवले. शाळेतल्या शिक्षकांच्या भुवया, नातेवाइकांचे कौतुक आणि धास्ती, विभागप्रमुखांचा थंडपणा हे सारे त्यांनी आपल्या संस्कृतच्या कहाणीत लिहिले आहे. शिकून झाल्यावर जवळपास दोन वर्षे नोकरीसाठी त्या दारे ठोठावत राहिल्या. मुलाखतीला गेले की, संस्कृत शिकवायला आलेली ही बाई कोण, हे आडनाव आधीच सांगून टाके. मग त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. आडनाव पावडे झाले आणि अवघ्या काही महिन्यांत सरकारी महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली. ज्ञान तेच, पदवी तीच, उच्चार तेच. पुस्तकात त्या स्वतःलाच विचारतात की, या नेमणुकीचे श्रेय कोणाचे? आणि उत्तरही देतात : सोमकुंवरचे नाही, पावडेचे.

या लेखात लेखिकेला काही मिळालेले आहे, आणि जे मिळाले तोच अपमान आहे. सासरच्या आडनावाने बाईचे कर्तृत्व झाकले जाते, हे आपले नेहमीचे वाक्य. येथे सासरच्या आडनावानेच कर्तृत्व दिसू लागले, कारण माहेरच्या आडनावावर पडलेली समाजाची सावली तेवढी गडद होती. कायदा सांगतो की, लग्नाने जात बदलत नाही. म्हणून तर राखीव जागेवर नोकरी मागणाऱ्या विवाहितेला जातीचा दाखला माहेरच्याच नावाचा काढावा लागतो आणि वैधतेसाठी बापाकडचेच कागद जोडावे लागतात. निवड समितीच्या नजरेला हा कायदा ठाऊक नव्हता. तिने आडनाव वाचले आणि तिच्यापुरती जात बदलली.

एका दृष्टीने कुमुद पावडे यांनी वडिलांचे आडनाव परत आणले. सोमकुंवर हे नाव मुखपृष्ठावर नाही, पण त्यांच्या युक्तिवादाचा तो कणा आहे. बेडेकरांनी जे शीर्षकात केले, ते पावड्यांनी निबंधाच्या मधोमध केले. फरक असा की, ‘खरेमास्तर’मध्ये आडनाव परत येते ते जिव्हाळ्याने, ‘अंतःस्फोट’मध्ये ते परत येते साक्षीदार म्हणून.

यामुळेच विवाहानंतरच्या नावाचा प्रश्न मराठीत केवळ स्त्रीप्रश्न म्हणून सोडवता येत नाही, असे मला वाटते. ‘मी माझे माहेरचेच नाव लावते’ असे एखादी देशमुख किंवा जोशी म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात बाणेदारपणा दिसतो. हेच वाक्य दुसऱ्या कोणी म्हटले, तर पुढचा प्रश्न येतो : “मूळच्या कुठल्या तुम्ही?” हा प्रश्न गावाविषयी नसतो, हे विचारणाऱ्यालाही माहीत असते आणि उत्तर देणारीलाही. निवड कायद्याने सर्वांना सारखी दिली आहे. तिची किंमत सारखी नाही.

नामांतर आणि नामविस्तार

मी ज्या शहरात, गारखेड्यात, राहते तेथे नाव हा विषय गंमतीचा नाही. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मेली. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘मराठवाडा विद्यापीठ’ हे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. मागणी नामांतराची होती, झाला तो नामविस्तार. जुने नाव ठेवून नवे जोडले गेले. पुढे २०२३ मध्ये शहराचेच नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. हे नामांतर. एका बाईच्या आडनावाला या इतिहासाच्या तोलाचे मानावे, असे मी म्हणत नाही. पण नाव बदलण्याच्या दोन रीती असतात आणि त्यांत फरक असतो, हे या शहरातल्या रिक्षावाल्यालाही समजते.

माझे पदवीचे प्रमाणपत्र १९९४ पूर्वीचे आहे. त्यावर विद्यापीठाचे जुने नाव आहे, शहराचे जुने नाव आहे आणि माझेही जुने नाव आहे. एका कागदावर तीन पूर्वाश्रमीची नावे. निवृत्तीच्या वेळी एका कार्यालयात तो कागद दाखवला. विद्यापीठ तेच का, शहर तेच का, असे कोणी विचारले नाही. ते सर्वांना ठाऊक असते. प्रतिज्ञापत्र मागितले गेले ते एकट्या माझे. संस्थांची नावे बदलली की, त्यांची ओळख सांभाळण्याची जबाबदारी समाज घेतो. बाईचे नाव बदलले की, ती एकटी बाई घेते, स्टँप पेपरसकट.

नामांतर आणि नामविस्तार या दोन शब्दांनी आजच्या लेखिकांची मुखपृष्ठे वाचता येतात. दोन आडनावांमध्ये जोडरेघ देणाऱ्या लेखिका नामविस्तार करतात. सांधा दिसत राहील अशी त्यांची तडजोड असते. काहींनी सासरचेच नाव कमावून आपले केले. कर्व्यांच्या घरात जन्मलेल्या गौरी देशपांडे पहिल्या विवाहातले आडनाव पुढेही लेखनासाठी ठेवतात. रणजित देसाई यांच्याबरोबरच्या संसाराची कहाणी सांगणारे ‘नाच गं घुमा’ १९८८ मध्ये आले, ते माधवी देसाई याच नावाने. नवरा सुटला तरी नाव सुटले नाही, कारण तोवर त्या नावाने वाचक जमवलेले होते. ज्यावर स्वतःची मेहनत चढली ते नाव तिचे, असा त्याचा अर्थ मी लावते. सानिया यांनी तर आडनावाचा रकानाच रिकामा ठेवला.

आणखी एक वाट मल्लिका अमर शेख यांची. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे १९८४ चे आत्मकथन नामदेव ढसाळ यांच्याबरोबरच्या वादळी सहजीवनाचे आहे, पण मुखपृष्ठावर ढसाळ हे नाव नाही. तेथे शाहीर वडिलांचे नाव आहे, आणि तेही जन्मनाव नव्हे. मेहबूब पटेल हे अमर शेख झाले ते चळवळीत. प्रज्ञा लोखंडे या नावाने सुरुवातीला लिहिणाऱ्या कवयित्री पुढे प्रज्ञा दया पवार झाल्या, तेव्हा त्यांनीही ‘बलुतं’कारांचे लेखननाव घेतले. दगडू मारुती पवार यांचे ‘दया पवार’ हे साहित्यातले नाव. या दोघींनी वडिलांचे आडनाव चालू ठेवले, असे म्हणून भागणार नाही. दोघींच्या वडिलांनी स्वतः कमावलेली नावे होती ती. वारसा आला तो रक्तातून आणि लिखाणातूनही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. नवऱ्याचे टाकून बापाचे लावले, यात मुक्ती कोठे? दोन्ही पुरुषच. मला वाटते, फरक मालकाचा नाही, सलगतेचा आहे. माहेरचे नाव पुरुषाकडून आलेले असले, तरी ते जन्मापासून तिच्या अंगावर वाढलेले असते. त्याच नावाने तिने पाढे म्हटलेले असतात, बक्षिसे घेतलेली असतात, पहिली कविता छापून आणलेली असते. भावाचेही आडनाव बापाकडूनच येते. ते त्याचे स्वतःचे नाही, असे त्याला कोणी म्हणत नाही. चाळीस वर्षे वापरले की, ते त्याचे होते. हा न्याय बहिणीलाही लागू करायला हरकत नसावी.

उलट बाजूचेही मान्य केले पाहिजे. लग्नानंतर नवे नाव आवडीने लावणाऱ्या अनेक बाया मी पाहिल्या आहेत. कोणाला माहेरची आठवण नको असते, कोणाला मुलांच्या नावाशी आपले नाव जुळलेले हवे असते. त्यांच्या निवडीला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र निवड झाली असे म्हणण्यासाठी आधी विचारले गेलेले असावे लागते. ‘लावणे’ हे क्रियापद आपण कुंकवाला वापरतो, नावालाही वापरतो. दोन्ही ठिकाणी, कोणी लावले, हे वाक्यात बहुधा अध्याहृत राहते.

समीक्षेने यात काय करावे? एक काम साधे आहे. आपल्या वाङ्मयसूचींत, कोशांत, ग्रंथालयांच्या नोंदींत लेखिकेची सर्व नावे वर्षांसह एकत्र यावीत, आणि ‘पूर्वाश्रमीची’ या शब्दाऐवजी साधे ‘विवाहापूर्वीचे लेखन’ असे म्हणावे. मग बाळूताई खरे यांचे कायद्यावरचे पुस्तक मालतीबाई बेडेकर यांच्या अभ्यासाशेजारी दिसेल. दुसरे काम अवघड आहे. राजपत्राच्या भाग दोनचे जुने अंक काढून कोणीतरी ते आत्मकथनांच्या जोडीने वाचायला हवेत. कोणत्या दशकात, कोणत्या जिल्ह्यांतून, कोणती आडनावे टाकली गेली आणि कोणती घेतली गेली, हे त्यात ओळीने छापलेले आहे. तेथे दोन रकाने असतात, जुने नाव आणि नवे नाव. त्या दोन रकान्यांच्या मध्ये काय घडले, ते राजपत्र सांगत नाही. ते लक्ष्मीबाईंनी, विभावरींनी, कुमुदताईंनी लिहून ठेवले आहे.